कॅल्शियम पोटात जातंय, पण अंगी लागतंय का?

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की एक प्रश्न रोज ठरलेला, "ताई, कॅल्शियममध्ये चांगल्यातलं कुठलं?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "ह्यात पॉवर जास्त कशात आहे?" पॉवर म्हणजे मिलीग्रॅम. पाचशेपेक्षा हजार भारी, दीडशे रुपयांपेक्षा चारशेची बाटली भारी, असा सरळ हिशोब. मी सांगलीत फार्मासिस्ट आहे, दिवसभर हेच ऐकते, आणि खरं सांगायचं तर कंपनी कुठली ह्या प्रश्नाला माझ्याकडे फारसं उत्तर नसतं, पण त्या गोळीत कॅल्शियम (किंवा लोह, किंवा जे काय असेल ते) कुठल्या रूपात भरलंय, तुम्ही ती कधी घेताय, कशाबरोबर घेताय आणि तुमच्या पोटाची अवस्था काय आहे, हे विचारलंत तर मी अर्धा तास बोलू शकते. काउंटरवर तेवढा वेळ नसतो, मागे रांग असते, म्हणून इथे लिहिते.

कॅल्शियमपासूनच सुरू करू कारण घरटी एक तरी डबी असतेच. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षर वाचा. बहुतेकांवर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम आणि खाली एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलीग्रॅम असं दिसेल. म्हणजे १२५० हे सगळ्या क्षाराचं वजन, त्यात खरं कॅल्शियम ४० टक्के. कॅल्शियम सायट्रेटमध्ये हेच प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तेवढंच कॅल्शियम द्यायला सायट्रेटची गोळी मोठी करावी लागते नाहीतर दोन घ्याव्या लागतात, आणि ती महागही पडते. आणि कोरल कॅल्शियम, शिंपल्यांचं कॅल्शियम म्हणून जे चढ्या भावात विकलं जातं ते आतून मुख्यतः कार्बोनेटच असतं, समुद्रातून आलं म्हणून आतड्याला काही वेगळं कळत नाही.

मग कार्बोनेट वाईट का? अजिबात नाही. पण ते विरघळायला पोटात अॅसिड लागतं, आणि अॅसिड भरपूर सुटतं ते जेवताना. म्हणून कार्बोनेट जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या घ्यायचं. आता आमच्याकडे कॅल्शियम नेमकं कोण घेतं बघा, साठी ओलांडलेल्या काकू, आजोबा, आणि हीच माणसं सकाळी उठल्याबरोबर अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेतात, वर्षानुवर्षं, कुणी कधी लिहून दिली होती तेही आठवत नाही, आणि त्याच घोटाबरोबर उपाशीपोटी कॅल्शियम. म्हणजे अॅसिड बंद करायची गोळी आणि अॅसिडशिवाय न विरघळणारी गोळी एकाच वेळी पोटात!

ह्यावर जुना आणि फार स्पष्ट अभ्यास आहे. १९८५ साली रॉबर्ट रेकर यांनी अमेरिकेत, ज्यांच्या पोटात अॅसिड बनतच नाही अशा पेशंट्सना उपाशीपोटी दोन्ही प्रकारचं कॅल्शियम देऊन मोजलं, तर कार्बोनेटमधलं फक्त ४ टक्के शोषलं गेलं आणि सायट्रेटमधलं ४५ टक्के. ज्यांचं पोट नॉर्मल होतं त्यांच्यात मात्र दोन्ही जवळपास सारखंच, वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत. आणि मला ह्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच अॅसिड नसलेल्या लोकांना कार्बोनेट खाण्याबरोबर दिलं तर ते व्यवस्थित शोषलं गेलं. म्हणजे महागडं सायट्रेट घ्यायच्या आधी वेळ बदलून बघायला एक पैसा लागत नाही. ओमेप्राझोल (तीही अॅसिड बंद करणारीच गोळी) घेणाऱ्या वयस्कर बायकांवर नंतर एक छोटा अभ्यास झाला, त्यातही उपाशीपोटी घेतलेलं कार्बोनेट बरंच कमी शोषलं गेलं होतं. पॅन्टो कायमची चालू आहे, जेवणाबरोबर गोळी लक्षात राहत नाही किंवा कार्बोनेटने पोट गच्च होतं, शौचाला कडक होतं, अशांनी डॉक्टरांशी बोलून सायट्रेट घ्यावं, तिथे जास्तीचे पैसे वसूल आहेत.

दुसरं म्हणजे एका वेळी पाचशे मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम टाकलं तर त्यातलं शोषलं जाण्याचं प्रमाण कमी होत जातं. हजारची "पॉवर" एकदम घेण्यापेक्षा पाचशे दुपारी, पाचशे रात्री हे जास्त कामाचं. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून कॅल्शियम मिळतं तेही असंच, पाचशेच्या दोन गोळ्या, वेगवेगळ्या वेळी जेवणाबरोबर, आणि लोहाच्या गोळीबरोबर नाही असं स्पष्ट सांगितलेलं असतं. सांगितलेलं असतं हो, पण घरी गेल्यावर सगळ्या गोळ्या एका वाटीत पडतात आणि एका घोटात जातात.

ती वाटी हाच माझा मुख्य शत्रू आहे. कारण त्या वाटीत थायरॉइडची गोळीपण असते. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचं, आणि कॅल्शियम, लोह हे त्यापासून किमान चार तास लांब. हे धातू त्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतात आणि दोघंही बाहेर जातात. २००० साली एक अभ्यास आला होता, थायरॉइडचा डोस व्यवस्थित बसलेल्या वीस जणांना त्याच वेळी कॅल्शियम कार्बोनेटही सुरू केलं तर तीन महिन्यांत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हॉर्मोन) वर गेला आणि काहींचा तर नॉर्मलच्या बाहेर. आमच्याकडे काय होतं, टीएसएच वाढलेला दिसला की ५० ची ७५ होते, ७५ ची १००, आणि वाटीबद्दल कुणी विचारत नाही. पुढे कधी कॅल्शियम बंद केलं की तोच वाढवलेला डोस जास्त होतो, धडधड, घाम, झोप नाही, मग पुन्हा डॉक्टर. कॅल्शियमची वेळ बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत बघायला सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन ह्या अँटिबायोटिक्सचंही हेच, कॅल्शियम-लोहाबरोबर घेतली तर औषधाचा डोस पूर्ण असूनही अंगात अर्धवट.

आता लोह. ह्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (एनएफएचएस) पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये अॅनिमिया निघाला, आणि गोळ्या तर आपण वर्षानुवर्षं वाटतोय. त्याची कारणं खूप आहेत, सगळी गोळीत नाहीत, पण काही नक्की गोळीत आहेत.

लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, पोटातून बाहेर पडल्या पडल्या. तिथून पुढे गेलं की फारसा उपयोग नाही. आता कल्पना करा, लोहाने मळमळतं म्हणून कुणीतरी डोकं चालवून गोळीवर असं कोटिंग केलं की ती पोटात फुटणारच नाही, किंवा हळूहळू बारा तासात सुटेल अशी केली. मळमळ थांबली, पेशंट खूश, पण लोह सुटायला लागेपर्यंत गोळी तो कामाचा भाग ओलांडून पुढे गेलेली. अशा गोळ्या "पोटाला सौम्य" म्हणून विकल्या जातात आणि सौम्य असतातही, पण हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी जागच्या जागी दिसलं तर ते कोटिंगही संशयित धरा.

मग स्वरूपं. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अॅस्कॉर्बेट ही एका गटातली, ह्यातलं लोह शोषायला आधीच तयार रूपात असतं. फ्युमरेटमध्ये ३३ टक्के लोह, ग्लुकोनेटमध्ये साधारण १२ टक्केच, म्हणून ३०० मिलीग्रॅम लिहिलेल्या दोन गोळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, एलिमेंटल किती ते बघायचं. दुसऱ्या बाजूला पॉलिमाल्टोज वगैरे, चवीला गोड, दात काळे करत नाहीत, लहान मुलांची आई हेच मागते. पण २०१७ मध्ये अमेरिकेत लोहाची कमतरता असलेल्या ८० लहान मुलांना बारा आठवडे एकीकडे साधं स्वस्त फेरस सल्फेट आणि दुसरीकडे लोहाचं पॉलिसॅकराइड कॉम्प्लेक्स (पॉलिमाल्टोजच्या जातकुळीतलं) देऊन बघितलं, तर हिमोग्लोबिन सल्फेटवाल्या मुलांचं जास्त वाढलं. साधं, जुनं, बेचव औषध जिंकलं. मला ह्याचा का कोण जाणे फार आनंद होतो. अर्थात मूल तोंडच उघडत नसेल, रोज थुंकून टाकत असेल, तर पोटात जाणारं पॉलिमाल्टोज हे बेसिनमध्ये जाणाऱ्या सल्फेटपेक्षा बरंच की, हे आईला वेगळं सांगायला लागत नाही.

आणि वेळापत्रक. लोहाचा डोस घेतला की लिव्हर हेपसिडिन नावाचं हॉर्मोन सोडतं आणि ते साधारण दिवसभर आतड्यातून रक्तात जायची लोहाची वाट बंद करून ठेवतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी टाकली तर बंद दारावर टकटक. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली लोह कमी असलेल्या तरुण बायकांना ६० मिलीग्रॅम एका गटाला रोज आणि एका गटाला दिवसाआड दिलं, तर रोजवाल्यांमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास शोषलं गेलं आणि दिवसाआडवाल्यांमध्ये जवळपास २२. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या घेऊन पोट बिघडवून घेणाऱ्यांसाठी ही बातमी भारीच आहे. पण थांबा, गरोदरपणात सरकारी कार्यक्रमात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची लाल गोळी रोज, १८० दिवस सांगितलेली आहे, ती हे वाचून दिवसाआड करू नका, तिथे वेळ कमी आणि गरज जास्त असते. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

चहाबद्दल बोलले नाही तर लेख अपुरा राहील. गोळी घेऊन लगेच चहा हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी "काहीतरी घेतलं" असं समजतच नाही. विचारलं, गोळीबरोबर काय घेता, तर उत्तर येतं "काही नाही, नुसता चहा." चहातली टॅनिन्स लोहाला घट्ट धरतात, दुधातलं कॅल्शियम वर आणखी अडथळा. तासभर तरी मागे-पुढे ठेवा. लिंबू-आवळा चांगलाच, जेवणातलं लोह शोषायला क जीवनसत्त्वाची मदत होते ह्यात वाद नाही, पण लोहाच्या गोळीबरोबर वेगळी व्हिटॅमिन सीची गोळी विकत घ्यायची का? २०२० मध्ये चीनमधून एक चाचणी आली, ४४० लोकांची, त्यात नुसतं लोह आणि लोह अधिक सी ह्यांत हिमोग्लोबिनला म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा ते पैसे लिंबाला घाला, सरबत तरी होईल.

बी ट्वेल्व्हचं गणित वेगळंच आणि मला ते मजेशीर वाटतं. पोटात तयार होणारं एक प्रथिन बी ट्वेल्व्हला हात धरून आतड्यापर्यंत नेतं, पण एका वेळी त्याची ताकद दीड-दोन मायक्रोग्रॅमचीच. उरलेल्यातलं जेमतेम एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणून १५०० मायक्रोग्रॅमची गोळी घेतलीत तर आत जातात पंधरा-सोळाच, पण रोजची गरजच दोन-अडीच मायक्रोग्रॅम असल्यामुळे ते भरपूर झालं. म्हणजे इथे खरंच मोठ्या आकड्याचा उपयोग आहे, ते प्रथिन बनत नसलेल्या पेशंटलासुद्धा मोठ्या डोसची गोळी चालू शकते, दर वेळी इंजेक्शनच हवं असं नाही (हातापायाला मुंग्या, तोल जाणं असलं काही सुरू झालं असेल तर मात्र आधी इंजेक्शन, तिथे वाट बघत बसायचं नाही). मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणारे आणि पक्के शाकाहारी ह्यांनी वर्षातून एकदा तपासून घ्या. बी ट्वेल्व्हचं मिथाइल रूप चांगलं की सायनो ह्यावर औषध कंपन्यांचे एमआर लोक खूप बोलतात, पण पेशीत गेल्यावर दोघांचंही रूपांतर होतंच, नेहमीच्या कमतरतेसाठी कुठलंही नियमित घेतलं तर चालतं.

डी थ्रीची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची, साठ हजारवाली, आठवड्याला एक. ही तेलात विरघळणारी गोष्ट, उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धी वाया घालवू नका. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये २०१० च्या सुमाराला, गोळ्या घेऊनही लेव्हल वाढत नव्हती अशा सतरा जणांना फक्त दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितलं, दोन-तीन महिन्यांत लेव्हल सरासरी पन्नास टक्क्यांहून थोडी जास्तच वाढली. छोटा अभ्यास आहे, पण जेवणाबरोबर घ्यायला काय जातंय. आणि आठवड्याची गोळी रोज घेऊ नका हो, प्लीज. स्ट्रिपमध्ये चार असतात म्हणून चार दिवसात संपवून पुढची मागायला येतात लोक. डी थ्री शरीरात साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, किडनीवर ताण, अॅडमिट व्हायची वेळ येते.

आता डी थ्रीचाच "नॅनो" शॉट. पाच मिलीची छोटी बाटली, तोंडात ओतायची. आतडं, लिव्हर ठणठणीत असलेल्या माणसाला साधी सॉफ्टजेल जेवणाबरोबर पुरते असं माझं मत. पण पित्त आतड्यात पोचतच नाही अशी कावीळ, लिव्हरचे काही आजार असलेली लहान मुलं, आतड्याचा बराच भाग काढलेले पेशंट, ह्यांना तेलातली जीवनसत्त्वं साध्या रूपात दिली तर शोषली जात नाहीत, कारण चरबी विरघळवायला पित्तच नाही. तिथे पाण्यात मिसळणारं रूप हा उपचाराचा भाग आहे, चैन नाही. व्हिटॅमिन ईचं असं एक पाण्यात मिसळणारं रूप आहे, टीपीजीएस, ते अशाच मुलांमध्ये उपयोगी ठरलं आणि त्याच्यासोबत डीसुद्धा चांगलं शोषलं गेलं. वजन कमी करायला बायपासचं ऑपरेशन केलेल्यांचंही तसंच, त्यांच्यात अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं, म्हणजे लोहाची जागाच चुकते, पोटाचा पाऊच छोटा म्हणून अॅसिड कमी, त्यामुळे कॅल्शियम सायट्रेटच बरं आणि बी ट्वेल्व्ह जन्मभर. एकच गोळी शेजाऱ्याला लागू पडते आणि तुम्हाला नाही, ते ह्यामुळेही असू शकतं.

एक तपासणी घरी करता येते. कॅल्शियम कार्बोनेटची साधी गोळी (चघळायची नाही, गिळायची) अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये टाका, मधून मधून हलवा, अर्ध्या तासात ती फुटून विखुरली पाहिजे. तशीच दगडासारखी बसून राहिली तर पोटात तरी काय दिवे लावणार. औषध म्हणून बनलेल्या गोळ्यांना इंडियन फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाचं सरकारी नियमपुस्तक) मर्यादा असते, बिनकोटिंगची १५ मिनिटात फुटली पाहिजे, फिल्म कोटेड ३० मिनिटात. पण शेल्फवर शेजारी ठेवलेल्या सप्लिमेंटच्या डब्या औषध नसतात, त्या अन्न म्हणून एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) लायसन्सवर येतात. डबीवर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आणि औषधी वापरासाठी नाही अशी ओळ बघा, सापडेल. म्हणून त्या वाईटच असं नाही, पण आजार असलेल्या माणसाला कमतरता भरून काढायला द्यायचं तर मी औषधाच्या लायसन्सवरची, एकच घटक असलेली स्ट्रिप सुचवते. लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम सगळं एकाच गोळीत कोंबलेली "ए टु झेड" ही वर सांगितलेली वाटीच आहे, फक्त दाबून गोळी केलेली. आणि मॅग्नेशियमवरून आठवलं, ऑक्साइड स्वस्त आणि आकडा मोठा, पण शोषण अगदीच नगण्य, मोजलं गेलंय ते चार टक्क्यांच्या आसपास, त्याने पोट मात्र साफ होतं.

शेवटी हळद, कारण सांगलीत राहून हळदीवर बोलायचं नाही म्हणजे काय. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या, कॅप्सूलवर "२००० टक्के जास्त शोषण" असं लिहिलेलं असतं ना, ते १९९८ च्या बंगलोरच्या सेंट जॉन्सच्या अभ्यासातून आलंय, दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलीग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतला घटक. आकडा खरा आहे. पण नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते इतकं नगण्य सापडलं होतं की नगण्याच्या वीसपट हेही फार मोठं नाही. आणि पायपरीन काय करतं, तर शरीराची परकी गोष्ट मोडून बाहेर टाकायची यंत्रणा मंद करतं, ती काही फक्त हळदीपुरती मंद होत नाही. फेनिटॉइनसारख्या फिट्सच्या औषधाची रक्तातली पातळीही त्याने वाढल्याचं दिसलंय. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांनी हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हर बिघडलेल्या दहा जणांची माहिती छापली, त्यातला एक दगावला, आणि तपासलेल्या सात बाटल्यांपैकी तीनमध्ये पायपरीन होतं. आमटीतल्या हळदीचा ह्याच्याशी संबंध नाही, ती खुशाल घाला.

म्हणून ती कॅप्सूल मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, दादा, बाकी कुठली गोळी चालू आहे? फिट्सची असेल, रक्त पातळ करायची असेल, लिव्हरचा काही त्रास झालेला असेल तर सांगते की डॉक्टरांना दाखवून या, मग देते. काहीजण वैतागून समोरच्या दुकानातून घेतात, तर घेऊ देत.